सिमेंटच्या पत्र्याखालचा मुका साक्षीदार

घरात उंदीर पडला की घर सोडायचे, हा धडा महाराष्ट्राने प्लेगच्या साथीत शिकला. १८९६ मध्ये मुंबईत आलेली ती साथ पुढे पुणे, सोलापूर आणि दक्षिण महाराष्ट्रात पसरली, तेव्हा रोगाचे कारण सामान्य माणसाला ठाऊक नव्हते. उंदराच्या अंगावरील पिसू रोग पसरवते, ही गोष्ट १८९८ मध्ये पॉल-लुई सिमों या फ्रेंच वैद्यकाने कराचीत प्रयोगाने दाखविली. परंतु उंदीर मरू लागले की माणसांचीही पाळी येणार, एवढे गावकऱ्यांनी त्याआधीच ओळखले होते, आणि गावाबाहेर माळावर झोपड्या टाकून अनेकांनी आपले प्राण वाचविले. जनावराच्या मृत्यूकडे इशारा म्हणून पाहण्याची ही दृष्टी शास्त्राच्या आधी लोकांकडे होती. आज तीच दृष्टी आपण हरवून बसलो आहोत काय, असा प्रश्न एका वेगळ्याच रोगाच्या संदर्भात विचारावा लागत आहे. तो रोग म्हणजे ॲस्बेस्टॉसमुळे होणारा कर्करोग, आणि इशारा देणारा प्राणी म्हणजे आपल्या घरातला पाळीव कुत्रा.

पाळीव जनावराच्या कर्करोगाची चर्चा सोलापूरसारख्या कष्टकऱ्यांच्या शहरात करणे अनेकांना चैनीचे वाटेल. जेथे विडी वळणाऱ्या बाईच्या खोकल्याकडे कोणी पाहत नाही, तेथे कुत्र्याच्या छातीत साचलेल्या पाण्याची चौकशी कोण करणार? हा आक्षेप वरवर रास्त आहे. पण कुत्र्याच्या आजाराची चौकशी केवळ कुत्र्यासाठी करायची नसून, त्याच छपराखाली झोपणाऱ्या माणसांसाठी करायची आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे उत्तर मिळते.

तंतूंचा प्रवास

ॲस्बेस्टॉस हे खनिज आहे. दगड असूनही त्याचे कापसासारखे तंतू निघतात. ते जळत नाहीत, कुजत नाहीत, आम्लाला फारशी दाद देत नाहीत. या गुणांमुळे बॉयलरवरील आवरणे, वाफेच्या नळ्यांची वेष्टणे, गाड्यांचे ब्रेक आणि सर्वांत अधिक प्रमाणात छपराचे सिमेंट-पत्रे यांसाठी त्याचा वापर झाला. जे गुण उद्योगाला सोयीचे, तेच शरीराला घातक ठरले. डोळ्यांना न दिसणारा हा तंतू श्वासावाटे फुप्फुसात शिरला की तेथे तो विरघळून जात नाही. शरीरातील संरक्षक पेशी त्याला गिळू पाहतात, परंतु लांब तंतू त्यांच्या आवाक्याबाहेरचा असतो. त्यातून वर्षानुवर्षे धुमसणारा दाह निर्माण होतो. काहींच्या बाबतीत त्याचे पर्यवसान फुप्फुस कठीण होण्यात, म्हणजे ॲस्बेस्टॉसिसमध्ये होते. काहींना फुप्फुसाचा, स्वरयंत्राचा किंवा बीजांडकोशाचा कर्करोग होतो. तर काहींच्या फुप्फुसाभोवतीच्या किंवा पोटातील पातळ आवरणात मेसोथेलिओमा नावाची गाठ वाढते. या शेवटच्या रोगावर आजही खात्रीचा उपाय नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्बेस्टॉसच्या सर्व प्रकारांना, म्हणजे निळ्या व तपकिरी प्रकारांबरोबरच भारतात वापरल्या जाणाऱ्या पांढऱ्या क्रायसोटाइललाही, माणसात कर्करोग घडविणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले आहे. कामाच्या ठिकाणी ॲस्बेस्टॉसशी आलेल्या संपर्कामुळे जगात दर वर्षी दोन लाखांहून अधिक माणसे मरतात, असा या संघटनेचा अंदाज आहे.

या रोगाचे खरे कपट त्याच्या विलंबात आहे. तंतू शरीरात शिरल्यापासून मेसोथेलिओमा प्रकट होईपर्यंत माणसात साधारणपणे वीस ते चाळीस वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ जातो. तोवर कामगाराने नोकरी बदललेली असते, कारखाना बंद पडलेला असतो, घर पाडून नवे बांधलेले असते. कारण आणि परिणाम यांच्यामध्ये एक अख्खी पिढी उभी राहते. कुत्र्याचे महत्त्व नेमके येथे आहे. कुत्र्याचे आयुष्य दहा-बारा वर्षांचे असल्याने त्याच्या शरीरात हा रोग झाला तर तो त्या मुदतीच्या आतच दिसतो. माणसाला जो निकाल उतारवयात कळायचा, तो कुत्रा मालकाच्या तरुणपणीच सांगू शकतो.

फिलाडेल्फियातील सोळा घरे

ही केवळ कल्पना नव्हे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या फिलाडेल्फिया येथील पशुरुग्णालयात एप्रिल १९७७ ते डिसेंबर १९८१ या काळात १८ कुत्र्यांमध्ये मेसोथेलिओमाचे निदान झाले. लॉरेन्स ग्लिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांपैकी १६ कुत्र्यांच्या मालकांच्या मुलाखती घेतल्या आणि त्याच जातीच्या, त्याच वयाच्या इतर ३२ कुत्र्यांच्या मालकांशी त्यांची तुलना केली. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की ज्या घरातील कोणी तरी ॲस्बेस्टॉसशी संबंध येणाऱ्या व्यवसायात होते किंवा तसा छंद बाळगून होते, त्या घरातील कुत्र्यांमध्ये हा रोग लक्षणीयरीत्या अधिक आढळला. कुत्र्यांच्या अंगावर पिसवा मारण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या औषधांशीही त्याचा संबंध दिसून आला. रोगी कुत्र्यांपैकी काहींच्या फुप्फुसांचे नमुने तपासले, तेव्हा त्यांत निरोगी कुत्र्यांपेक्षा अधिक क्रायसोटाइल तंतू सापडले.

कुत्रा कारखान्यात कामाला गेला नव्हता. त्याने विडी-सिगारेट ओढली नव्हती, गुटखा खाल्ला नव्हता. मालकाच्या कपड्यांवरून, बुटांवरून आणि केसांवरून जी धूळ घरात आली, ती त्याने जमिनीलगत नाक ठेवून हुंगली आणि अंग चाटताना गिळली. माणसाच्या कर्करोगाचे कारण शोधताना तंबाखू, आहार, व्यवसाय, राहण्याची ठिकाणे असे अनेक धागे गुंतलेले असतात. कुत्र्याच्या बाबतीत यांपैकी बहुतेक धागे आपोआप गळून पडतात आणि उरते ते घर. म्हणूनच शास्त्रज्ञ अशा प्राण्याला पहारेकरी म्हणतात.

कुत्र्याने जे सांगितले त्याला माणसांच्या अनुभवाचा पूर्ण दुजोरा आहे. दक्षिण आफ्रिकेत वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० मध्ये मेसोथेलिओमाचे ३३ रुग्ण नोंदविले. त्यांत खाणकामगारांखेरीज खाणींच्या परिसरात केवळ राहिलेली माणसेही होती. लंडनमध्ये न्यूहाउस आणि थॉम्पसन या दोघींनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे रुग्ण आढळले, की ज्यांचा एकमेव संबंध घरातील ॲस्बेस्टॉस कामगाराशी होता. त्यांत नवऱ्याचे कामावरचे कपडे धुणाऱ्या बायका प्रामुख्याने होत्या. कारखान्यापासून अर्ध्या मैलाच्या आत राहणाऱ्यांचे प्रमाणही या रुग्णांत जास्त होते. जपानमधील आमागासाकी शहरात कुबोता कंपनीच्या जुन्या कारखान्याभोवतीच्या रहिवाशांना हा रोग झाल्याचे २००५ मध्ये उघड झाले, तेव्हा तो देश हादरला. कारखान्याची भिंत ही तंतूंची सीमा नसते, हेच या तिन्ही ठिकाणी सिद्ध झाले.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. धुळीत वावरलेला प्रत्येक कुत्रा कर्करोगाने मरतो असे नाही, आणि कुत्र्याच्या प्रत्येक मेसोथेलिओमाला ॲस्बेस्टॉसच कारणीभूत असते असेही नाही. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कचे जुळे मनोरे कोसळल्यानंतर त्या ढिगाऱ्यात शोधकार्य करणाऱ्या श्वानांवर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्याच डॉ. सिंथिया ओटो यांनी त्यांच्या मृत्यूपर्यंत लक्ष ठेवले. ढिगाऱ्याच्या धुळीत ॲस्बेस्टॉस होते. तरीही २०२० मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षानुसार या श्वानांचे आयुर्मान तेथे न गेलेल्या शोधक श्वानांइतकेच, म्हणजे पावणेतेरा वर्षांच्या आसपास, भरले. थोड्या दिवसांचा संपर्क आणि वर्षानुवर्षांचा घरगुती संपर्क यांत फरक असतो. पण या उदाहरणाचा खरा बोध निराळा आहे. मोजणी केली म्हणूनच दिलासाही मिळाला. जेथे मोजणीच होत नाही, तेथे भीतीला आधार नसतो आणि निश्चिंतीलाही नसतो.

सोलापूरचा पत्रा

आता आपल्याकडे वळू. सोलापुरात उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. लोखंडी पत्रा अशा उन्हात तव्यासारखा तापतो, पावसात ताशासारखा वाजतो आणि काही वर्षांनी गंजतो. सिमेंटचा पत्रा त्या मानाने कमी तापतो, कमी वाजतो, गंजत नाही आणि स्लॅबपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो. ज्या शहरात शहराच्या पूर्व भागातील यंत्रमागांच्या खोल्यांना लागूनच कुटुंबे राहतात, मजुरीवर घर चालते आणि छप्पर घालणे हाच आयुष्यातला मोठा खर्च असतो, त्या शहराने या पत्र्याला आपलेसे केले, यात नवल नाही. गरिबाला दोष देऊन हा प्रश्न सुटणारा नाही. तो पत्रा विकत घेताना त्यात काय आहे हे सांगणे ज्यांचे काम होते, त्यांनी ते सांगितले नाही.

या पत्र्यात साधारण आठ ते दहा टक्के ॲस्बेस्टॉस असते आणि ते सिमेंटमध्ये घट्ट बांधलेले असते, असा उत्पादकांचा युक्तिवाद आहे. धड पत्रा डोक्यावर नुसता असेल, तर त्याखाली राहणाऱ्याला असणारा धोका कमी, हे मान्य करायला हरकत नाही. पण पत्रा धड किती काळ राहतो? बसवताना तो करवतीने कापला जातो, हुक-बोल्टसाठी त्याला भोके पाडली जातात आणि ती धूळ खालीच पडते. ऊन, वारा आणि पाऊस यांनी वरचा सिमेंटचा थर झिजतो, तंतू उघडे पडतात. गारपिटीने किंवा माकडांच्या उड्यांनी पत्रा फुटतो. आणि फुटलेला पत्रा आपल्याकडे कोणी टाकून देत नाही. त्याचे तुकडे कोंबड्यांच्या खुराड्यावर जातात, शेळ्यांच्या गोठ्याला आडोसा होतात, मोरीभोवती उभे केले जातात, नाही तर त्यांतून अंगणातल्या कुत्र्याचे घर तयार होते. सर्वांत झिजलेला, सर्वांत भुगा होऊ घातलेला तुकडा सर्वांत खाली, जनावराच्या नाकाशी येऊन पोहोचतो. त्याच अंगणात लहान मूल रांगत असते.

गिरण्यांचा प्रश्न याला जोडून येतो. जुन्या काळी बॉयलर आणि वाफेच्या नळ्यांभोवती ॲस्बेस्टॉसचे वेष्टण घालणे ही सर्व जगात रूढ पद्धत होती. सोलापूरच्या कापड गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, आणि जुनी औद्योगिक बांधकामे पाडण्याचे काम आजही राज्यभर चालू असते. पाडकाम करणारा मजूर, भंगार गोळा करणारी बाई आणि त्यांच्या मागे फिरणारे कुत्रे यांच्यापैकी कोणाच्याही नाका-तोंडावर काही नसते.

एवढ्या साऱ्या छपरांखाली किती माणसे राहतात, याचे उत्तर सरकारी कागदांत मिळायला हवे. ते तेथेही मिळत नाही. २०११ च्या जनगणनेत छपराच्या साहित्याचा एक रकाना आहे, परंतु त्यात जस्ताचा पत्रा, अन्य धातूचा पत्रा आणि ॲस्बेस्टॉसचा पत्रा हे तिन्ही एकाच वर्गात टाकलेले आहेत. देशातील सुमारे १६ टक्के घरे या वर्गात मोडतात. त्यांतील किती घरांवर कर्करोगकारक पदार्थ आहे, हे वेगळे मोजण्याची गरज प्रशासनाला वाटली नाही.

कायद्याचे दोन चेहरे

भारतातील ॲस्बेस्टॉसविषयक धोरण हा विसंगतीचा नमुना आहे. देशांतर्गत खाणकामाला नवे परवाने देणे आणि जुन्यांचे नूतनीकरण करणे टप्प्याटप्प्याने थांबविण्यात आले. ॲस्बेस्टॉसची टाकाऊ धूळ आणि तंतू आयात करण्यास २०१६ च्या घातक कचरा नियमांनी मनाई आहे. मात्र कच्च्या क्रायसोटाइलची आयात खुली असून ती अलीकडच्या वर्षांत तीन ते चार लाख टनांच्या घरात आहे. रशिया हा तिचा मुख्य पुरवठादार. जो पदार्थ आपल्या जमिनीतून काढणे घातक, तोच दुसऱ्याच्या जमिनीतून काढून आपल्या छपरावर घालणे सुरक्षित, असा या धोरणाचा अर्थ होतो.

युरोपीय संघाने २००५ पासून सर्व प्रकारच्या ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली. एके काळी या खनिजाचा मोठा निर्यातदार असलेल्या कॅनडाने २०१८ मध्ये आणि अमेरिकेने क्रायसोटाइलपुरती २०२४ मध्ये बंदी जाहीर केली. रॉटरडॅम करारानुसार घातक पदार्थांची पूर्वसूचना देणारी जी यादी आहे, तीत क्रायसोटाइलचा समावेश करण्याचा प्रस्ताव २००६ पासून वारंवार अडविला गेला. या यादीत नाव येणे म्हणजे बंदी नव्हे. आयात करणाऱ्या देशाला धोका लेखी कळविणे, एवढाच त्याचा अर्थ. भारताने २०११ मध्ये या समावेशाला संमती दिली आणि २०१३ मध्ये पुन्हा विरोध केला. आपल्याच नागरिकांना मिळणारी माहिती आपणच अडवावी, हे अनाकलनीय आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राच्या याचिकेवर दिलेला निकाल या संदर्भात मैलाचा दगड मानला जातो. कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे, असे त्यात म्हटले आहे. प्रत्येक ॲस्बेस्टॉस कामगाराची आरोग्यविषयक नोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षे किंवा नोकरी सुटल्यानंतर १५ वर्षे, यांपैकी जे उशिरा असेल तोपर्यंत जपावी, असा आदेशही त्यात आहे. रोगाच्या विलंबाची एवढी नेमकी जाणीव आपल्या कायद्यात क्वचितच आढळते. प्रत्यक्षात काय घडले? मुंबईतील एका ॲस्बेस्टॉस कारखान्यातील १८१ कामगारांची तपासणी डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी केली आणि २००५ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाचांपैकी एकाहून अधिक कामगारांना ॲस्बेस्टॉसिस झालेला होता. निकालाला दहा वर्षे उलटल्यानंतरही हा रोग शोधण्यासाठी स्वतंत्र डॉक्टर आणि कार्यकर्त्यांना पुढे यावे लागले. आणि निकालाची सगळी तरतूद कारखान्याच्या फाटकाच्या आतील माणसांसाठी होती. फाटकाबाहेरची बायको, मूल, पत्रे बसविणारा मजूर आणि दारातले जनावर यांच्यासाठी कोणतीच वही उघडली गेली नाही.

२०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाने याच वहीच्या अभावावर बोट ठेवले. ॲस्बेस्टॉस भरपूर वापरूनही मेसोथेलिओमाची आकडेवारी न देणाऱ्या देशांत भारताची गणना करून, जगात नोंदल्या गेलेल्या दर चार-पाच रुग्णांमागे एक रुग्ण नोंदीविना राहतो, असा अंदाज त्यात मांडला होता. आपल्याकडे हा रोग दिसत नाही, म्हणून तो नाही, असा युक्तिवाद जेव्हा केला जातो, तेव्हा न पाहणे आणि नसणे यांतला फरक विसरला जातो.

बार्शीचा धडा

मोजणी ही श्रीमंत देशांची मिरासदारी आहे, असे म्हणणाऱ्यांनी सोलापूर जिल्ह्यातच डोकावून पाहावे. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात १९८७ मध्ये ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. भारतातील ही पहिली ग्रामीण नोंदणी. बार्शी, परंडा आणि भूम या तीन तालुक्यांतील ३४६ गावे आणि सुमारे पाच लाख लोकसंख्या तिच्या कक्षेत घेतली गेली. खेड्यातला रुग्ण रुग्णालयापर्यंत येत नाही, ही अडचण होती. तेव्हा नोंदणीचे कर्मचारीच गावोगाव गेले, सरपंच, शिक्षक, आरोग्यसेवक यांच्याशी बोलले, कर्करोगाची लक्षणे समजावून सांगितली आणि नोंदी मिळविल्या. डॉ. भगवान नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रचलेल्या याच पायावर पुढे शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यात एक लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांचा समावेश असलेली पाहणी उभी राहिली. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामुळे होणारे मृत्यू एकाच विषाणू-चाचणीने जवळपास निम्म्यावर आणता येतात, हा तिचा २००९ मधील निष्कर्ष जगभर स्वीकारला गेला. परंडा-भूमच्या खेडुतांनी जगाच्या वैद्यकशास्त्राला उत्तर दिले, कारण त्यांना कोणी तरी जाऊन प्रश्न विचारला होता.

प्राण्यांच्या बाबतीतही असे प्रश्न विचारले गेले आहेत. मुंबईत भारतातील पहिली मानवी कर्करोग नोंदणी १९६३ मध्ये सुरू झाली. त्याच वर्षी अमेरिकेतील कॅलिफोर्नियात पाळीव प्राण्यांच्या गाठींची नोंदणी सुरू झाली. इटलीतील जेनोआ शहरात १९८५ पासून, तर नॉर्वेत १९९० पासून अशा नोंदी ठेवल्या गेल्या. आपल्याकडे मानवी कर्करोगाची राष्ट्रीय नोंदणी १९८१ च्या अखेरीस आकाराला आली. प्राण्यांसाठी तिच्या तोडीची व्यवस्था नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या एकविसाव्या पशुगणनेत जनावरांची डोकी मोजली गेली, त्यांचे आजार नव्हेत.

सोलापुरातला एखादा वयस्क कुत्रा धापा टाकू लागतो, त्याच्या छातीत किंवा पोटात पाणी साचते. पशुवैद्य सुईने ते पाणी काढतो, चार दिवस बरे जातात, पाणी पुन्हा भरते आणि कुत्रा मरतो. हृदयविकार, क्षयरोग, जंतुसंसर्ग, गाठ अशी त्याची अनेक कारणे असू शकतात. खात्री करायची तर ऊतींचा नमुना प्रयोगशाळेत जायला हवा किंवा शवविच्छेदन व्हायला हवे. या दोन्हींचा खर्च आणि खटाटोप मालक करीत नाही, आणि त्याला कोणी तसे सुचवीतही नाही. कुत्र्याला पुरले जाते आणि त्याच्याबरोबर घराविषयीची एक माहितीही पुरली जाते.

काय करता येईल?

यावर उपाय अवघड नाहीत आणि फार खर्चिकही नाहीत. महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची स्थापना २००० मध्ये झाली. परळ, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालये त्याच्या अखत्यारीत येतात. या महाविद्यालयांच्या विकृतिशास्त्र विभागांत गाठींचे निदान होतेच. त्या निदानासोबत चार प्रश्नांचा एक छापील कागद जोडला, तरी नोंदणीची सुरुवात होईल. घराचे छप्पर कशाचे आहे, घरातील माणसे कोणता व्यवसाय करतात, जनावर कोठे झोपते, आणि गेल्या काही वर्षांत घरात किंवा शेजारी पाडकाम झाले काय? सोलापूरहून उदगीरचे अंतर नमुना पाठवता येणार नाही इतके नाही. छातीत वारंवार पाणी भरून मेलेल्या जनावराचे शवविच्छेदन शासनाने मोफत करावे, एवढी सोय झाली तरी पशुवैद्य मालकाला ते सुचवू शकेल.

दुसरे पाऊल माणसांच्या नोंदींत टाकायचे आहे. बार्शीच्या नोंदणीला आणि सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या संस्थांना छातीच्या आवरणाच्या कर्करोगाचा प्रत्येक रुग्ण हा छपराचा आणि व्यवसायाचा पूर्ण इतिहास लिहून घेण्याचा प्रसंग मानता येईल. जनावरांच्या नोंदी आणि माणसांच्या नोंदी एकाच नकाशावर मांडल्या, तर एखाद्या वस्तीत दोन्ही बाजूंनी ठिपके पडू लागल्यावर तेथील मातीची आणि छपरांची तपासणी करता येईल. पुढील जनगणनांत लोखंडी आणि सिमेंटी पत्र्यांचे रकाने वेगळे करणे, हे तर केवळ छपाईचे काम आहे.

तिसरी जबाबदारी महापालिकेची. पाडकामाचा परवाना देताना जुन्या पत्र्यांची आणि वेष्टणांची यादी मागणे, ते फोडण्यापूर्वी भिजविण्याची अट घालणे आणि तुकडे स्वतंत्रपणे उचलण्याची व्यवस्था करणे तिला शक्य आहे. आज हे तुकडे साध्या राडारोड्यात मिसळून रस्त्यालगतच्या खड्ड्यांत भरावाला जातात. ॲस्बेस्टॉसविरहित तंतूंचे सिमेंट-पत्रे, रंगीत लेपाचे धातूचे पत्रे आणि कौले हे पर्याय उपलब्ध आहेत. ते महाग पडतात. तो फरक भरून काढणे हे घरकुल योजनांचे काम आहे, पत्र्याखाली राहणाऱ्याचे नव्हे.

नागरिकांनीही काही गोष्टी आजपासून पाळाव्यात. डोक्यावरचा धड पत्रा घाबरून उपसून काढू नये. काढण्यातच धूळ अधिक उडते. त्याला नवी भोके पाडू नयेत, तो घासून किंवा खरवडून साफ करू नये. फुटलेला तुकडा हाताळावाच लागला तर आधी पाण्याने भिजवावा, कोरड्या झाडूने भुगा लोटू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावा आणि ते फडके टाकून द्यावे. पत्र्याचे काम करून आलेल्याने कपडे घराबाहेर बदलावेत आणि ते वेगळे धुवावेत. आणि तुटक्या पत्र्याचे खुराडे, गोठा किंवा कुत्र्याचे घर करू नये.

आरोग्याचा प्रश्न आणि गरिबाच्या छपराचा प्रश्न एकमेकांविरुद्ध उभे करण्याची युक्ती जुनी आहे. स्वस्त पत्रा हवा की महाग आरोग्य, असा सवाल टाकला की चर्चा बंद पडते. परंतु स्वस्त पत्र्याची उरलेली किंमत कोणीतरी वीस-तीस वर्षांनी रुग्णालयात भरतच असते. ती नोंदली जात नाही, एवढेच. ती नोंदली जाऊ लागली, तर कदाचित धोका आपल्याला वाटतो त्याहून कमी निघेल, कदाचित अधिक निघेल. कोणतेही उत्तर आले तरी ते आजच्या अंधारापेक्षा बरे. प्लेगच्या काळात उंदीर पडल्याचे पाहून लोक हलले, कारण मेलेला उंदीर सर्वांच्या नजरेस पडत होता. ॲस्बेस्टॉसचा बळी वर्षानुवर्षांनी, एकेकटा आणि वेगळ्याच आजाराच्या नावाखाली जातो. त्याला नजरेसमोर आणायचे असेल तर वही उघडावी लागेल, आणि तिच्या पहिल्या पानावर एखाद्या कुत्र्याची नोंद असली तर त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.